मुरब्याचा कुटा आणि आमचा राब

होळीला आम्ही समुद्रकाठच्या मुरब्याहून घरी आलो होतो. अंगणात पाऊल टाकलं, डोक्यावरचं गाठोडं अजून खाली ठेवलं नव्हतं, तेवढ्यात सासू म्हणाली, "यंदा भाताचं बी तू टाक. माझा खांदा आता वर होत नाय."

एवढं बोलून ती चूल पेटवायला आत गेली. मीठ आण म्हणावं तितक्या सहज! मी गाठोडं डोक्यावर घेऊन अंगणातच उभी. नवरा म्हणाला, "काय गो, भूत बघितलंस काय?" मी म्हटलं, "गप रे! आये काय बोलली ते ऐकलंस ना? बी मी टाकणार. मी!" शेजारच्या घरापर्यंत आवाज गेला असणार. मी तशी तोंडाळच आहे. आनंद झाला की मला तो पोटात ठेवता येत नाही.

बी टाकण्यात एवढं नाचण्यासारखं काय, असं ज्याच्या घरी जमीन आहे त्याला वाटेल. माझं माहेर बिनजमिनीचं. दुसऱ्याच्या बांधावर आमची झोपडी, आणि आमची म्हणावी अशी जागा चुलीपुढे बसण्यापुरती. पावसाळ्यात आई मला घेऊन लोकांच्या शेतात लावणीला जायची. कंबर मोडेस्तोवर भात लावला मी, पण सगळा लोकांचा. रोप तयार होऊन आमच्या हातात यायचं. बी कुणी टाकलं, कधी टाकलं, ते आम्हाला विचारायचं काही कारणच नव्हतं.

लग्न होऊन या घरात आले ती मासवण गावाच्या आत, डोंगराच्या पायथ्याशी. कारवीच्या कुडाचं घर, मागे आंबा, पुढे उतरत गेलेली पावसाच्या पाण्यावरची थोडी भातशेती. जमीन लहान, पण आपली! पहिल्या पावसाळ्यात मी उगाचच बांधावरून फिरायचे, काही काम नसताना. सासू म्हणायची, "काय शोधतेस? काय हरवलंय का तुझं?"

आमच्या घरात बी एकाच हाताने पडतं. घरातली मोठी बाई टाकते. ती टाकत असताना कुणी बोलायचं नाही, बांधावर कुणी चपला घालून यायचं नाही. पहिली मूठ कणसरीच्या, म्हणजे आमच्या धान्याच्या देवीच्या नावाने. आणि ते बी बाजारातलं नव्हे. लाल, जाड दाणा, सासूला तिच्या सासूने दिलेला, आणि ती तो दरवर्षी कापणीत लोंबी लोंबी निवडून राखते. टोपलीत भरते, वरून शेणाने लिंपते आणि आढ्याला टांगते. माझं बी, असंच म्हणते. एकदा मी नुसता वास घ्यायला मूठभर उचललं, तर हातातून काढून घेतलं बाईने!

पाड्यातले बाकीचे लोक थोडं बी मागे ठेवतात. पावसाने दगा दिला, रोप कुजलं, तर पुन्हा टाकता यावं म्हणून. सासू नाही ठेवायची. टोपलीतलं सगळं टाकून झालं की रिकामी टोपली बांधावर उपडी करायची आणि पाड्याला ऐकू जाईल असं म्हणायची, "माझ्या हाताला दुबार नाय!" आणि खरंच कधी दुबार करावी लागली नाही. तिचा तो तोरा मला भारी आवडायचा. आता ती टोपली माझ्या हातात येणार होती.

बी टाकायच्या आधी राब भाजावा लागतो. आमच्याकडे भात थेट शेतात पेरत नाहीत. एका कोपऱ्यात दाट बी टाकून रोप करायचं, आणि मग उपटून सगळ्या शेतात लावायचं. त्या कोपऱ्याला राब म्हणतात. पाऊस लागायच्या आधी तिथली जमीन भाजायची. खाली वाळलेलं शेण, त्यावर ऐनाच्या झाडाच्या फांद्या, त्यावर गवत आणि पालापाचोळा, आणि सगळ्यात वर बारीक माती दाबून बसवायची. मग पेटवायचं. आग सावकाश धुमसत गेली की खालची माती भाजून निघते, तणाचं बी मरून जातं, राखेचं खत होतं. मग भाताचं रोप एकटंच ऐटीत वर येतं.

त्या होळीला राब मी रचला. सासू झाडाखाली उभी राहून एका हाताने दाखवायची, मी वर चढून कोयत्याने फांद्या तोडायची. तळहात सोलून निघाले, पण थांबले नाही. वर्षभर साठवलेलं शेण सगळं वाहून आणलं. इतका नीट रचला की शेजारीण येऊन म्हणाली, "राब केलास का गादी घातलीस? झोपणार हायस त्याच्यावर?" मी म्हटलं, "झोपेन पण! माझा राब हाय." सासूने पदर तोंडाला लावला. हसली असणार.

आखातीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सुमाराला येऊन राब पेटवायचा असं ठरवून आम्ही परत मुरब्याला गेलो.

मुरब्याचं आमचं हे दरवर्षीचं. दिवाळी झाली, भात झोडून झालं, की घराला कडी लावायची आणि समुद्र गाठायचा. नवरा एका बोटीवर खलाशी, सासू आणि मी किनाऱ्यावर मासळी सुकवायला. बोटी पावसाळ्यासाठी वर ओढेपर्यंत तिकडेच. बोटीच्या मालकाला नाखवा म्हणतात, आणि किनाऱ्यावरचा सगळा कारभार त्याची बायको, नाखवीण, बघते. मोठ्या आवाजाची, मोठ्या मनाची बाई. आम्ही टोपल्यांतून बोंबील आणायचे, दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी करून दोरीवर टांगायची. बांबूच्या मांडवावर दोऱ्याच दोऱ्या, आणि त्यांवर बोंबील वाऱ्याने हलतायत. ओल्या मासळीची टोपली उचलता उचलताच सासूचा खांदा गेला होता. आता ती बसून जबडे अडकवायची, मी टांगायची.

मी अख्ख्या किनाऱ्याला सांगून ठेवलं होतं की यंदा बी मी टाकणार. नाखवीण म्हणाली, "अगो, किती येला सांगशील! टाक एकदाचा आणि नवा तांदूळ आण मना." मी म्हटलं, "पिशवी भरून आणीन!"

आखातीला थोडे दिवस होते तेव्हा बोटीचं इंजिन बिघडलं. दुरुस्ती होईस्तोवर खलाशांना काही काम नाही, म्हणून नवरा म्हणाला, जरा घर बघून येतो. गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बोंबील टांगत होतो, तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. व्हिडिओ! उघडला तर काय, आमचा राब पेटलेला. पुरुषभर उंच ज्वाळा, फडफड आवाज, आणि त्यात नवऱ्याचा ओरडा, "बघ गो, तुझा राब! बघ कसा पेटलाय!"

मला काय कळतंय? मी आनंदाने टाळ्या पिटल्या. "आये, बघ! पेटवला पण त्यानं! आपल्याला जायला नको." सासूच्या हातात मोबाइल दिला. तिने हातातली बोंबलाची जोडी मांडीवर ठेवली, पडदा डोळ्यांजवळ धरला आणि बघत राहिली. मग म्हणाली, "आग पळते हाय."

"म्हणजे?"

"राबाची आग चालाया पायजे. ही पळते हाय. विचार त्याला, कुठनं पेटवला?"

मी फोन लावला. नवरा इतका खुशीत होता की हॅलो म्हणायच्या आधीच बोलायला लागला. "वारा पाठीवर घेतला आणि लावली काडी! काय पेटला म्हणून सांगू! मिनटात या टोकाकडून त्या टोकाला!"

सासूने कपाळावर हात मारला. राब पेटवायचा तो वाऱ्याच्या समोरून. म्हणजे आगीला वाऱ्याच्या विरुद्ध सरकावं लागतं आणि ती इंच इंच, जमिनीला चिकटून जाते. अर्धा दिवस धुमसते. हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं, माझ्या नवऱ्यालाही लहानपणी माहीत होतं. पण आता त्याला बोटीची सवय. बोटीवर पहिला धडाच तो: काहीही करायचं तर वारा पाठीवर घ्यायचा. पाणी फेक, राख फेक, स्टो पेटव, वाऱ्याकडे पाठ. नाहीतर सगळं आपल्याच तोंडावर. त्या सवयीने हा पठ्ठ्या डोंगराच्या पायथ्याशी समुद्रावर असल्यासारखा उभा राहिला, आणि दुपारचा वारा पाठीवर घेऊन माझा राब पेटवून दिला!

दुसऱ्या दिवशी नाखविणीला सांगून आम्ही दोघी घरी गेलो. वरून सगळं काळंभोर, छान दिसत होतं. सासूने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. वर बोटभर राख, खाली जमीन जशीच्या तशी. तिने वाकून गवताचं एक मूळ उपटलं. पांढरंशुभ्र, जिवंत.

"कच्चा," ती म्हणाली आणि मूळ नवऱ्याच्या हातात दिलं.

मग मी जी सुटले! "समुद्रावर राहून तुझ्या डोक्यात खारं पाणी शिरलंय का? मी झाडावर चढून हात सोलून घेतले, वर्षाचं शेण घातलं, आणि तू काडी लावून व्हिडिओ काढत बसलास? फोन फेकून देते तुझा!" तो मान खाली घालून उभा. शेवटी म्हणाला, "तुला खूश करायचं होतं गो. तू एवढी नाचत होतीस." राग गेला नाही, पण भांडायचा जोर गेला.

खरी अडचण पुढेच होती. ऐनाच्या फांद्या तोडून झालेल्या, नव्या फुटायला वर्ष जाणार. शेण संपलेलं. पुन्हा राब रचायचा कशाने? कच्च्या जमिनीत बी टाकलं तर तणाच्या गर्दीत रोप गुदमरून जाणार. सासू ओट्यावर बसून म्हणाली, "यंदा रोप कुणाकडून तरी मागा. माझं बी मी कच्च्या जमिनीत टाकू देणार नाय."

"आये, आणि मग बी?"

"राहील टांगलेलं."

टांगलेलं बी दुसऱ्या वर्षी नीट उगवत नाही, हे तिलाही माहीत होतं. म्हणजे तिच्या सासूपासून चालत आलेलं ते लाल भात तिथेच संपलं असतं. आणि माझ्या हाताचं काय? मी हात पुढे करून बसले होते टोपलीसाठी! रडूच आलं मला. खोटं कशाला बोलू, हमसून हमसून रडले.

रडता रडता माझं मलाच आठवलं. मुरब्याला सुकवणीच्या मागे कुट्याचा ढीग असतो. कुटा म्हणजे खायला न चालणारी बारीक मासळी, डोकी, शेपट्या, चुरा. तारापूरकडचे वाडीवाले टेम्पो भरभरून नेतात आणि नारळाच्या बुडाशी घालतात. नारळ कसे लगडतात त्यांचे! मी डोळे पुसले आणि म्हटलं, "आये, कुटा आणला तर? राख नाय तर नाय, खत तरी मिळेल. रोप जोरात आलं तर तणाच्या वर जाईल. आणि तण मी काढीन. हातानं, एकेक काडी."

सासूला मासळीचा आणि भाताचा मेळच लागेना. "भात काय म्हावरं खातो?"

"नारळ खातो, मग भाताला काय झालं?"

नवरा मध्येच म्हणाला, "खाईल, खाईल." मी म्हटलं, "तू बोलूच नको!" सासूने खांदा चोळला. मग म्हणाली, "आण. बघू. पण एक काडी तण राह्यलं तर मना सांगू नको."

मी उडीच मारली!

नाखविणीला फोन केला. ती आधी खूप हसली. मग म्हणाली, "ने गो, मागं पडलाय तो सगळा ने, वास मारतोय. पण ऐक, तसाच टाकू नको, मुळं जाळील. आधी गोडं पाणी मार, खार जाऊ दे. मग मातीत कालवून ठेव, गार होऊ दे." मी मुरब्याला गेले, गोण्या भरल्या आणि बोईसरहून टेम्पो बोलावला. ड्रायव्हर तारापूरच्या कारखान्यांत केमिकलचे पिंप पोचवणारा, हिंदी बोलणारा. मला वाटलं, याला वासाची सवय असणार. कुठली! पहिली गोणी चढवताच त्याने नाक धरलं. "दीदी, इसमें लाश है क्या?"

"लाश नहीं, खाद है. चावल के लिए."

"ये चावल कौन खाएगा, दीदी?"

"हम खाएगा! चलो."

उमरोळीपर्यंत तो काचा उघड्या टाकून, मान बाहेर काढून गाडी चालवत होता. पालघरच्या चार रस्त्याला गाडी अडकली तेव्हा तर कमाल झाली. मागचा स्कूटरवाला वळसा घालून पुढे गेला, एका बाईने पदर नाकाला लावून मला नजरेने जाळलं. मी मात्र गोण्यांवर हात ठेवून राणीसारखी बसलेली. माझा राब चालला होता तो, मला कसली लाज! मासवणला पोचल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "दीदी, अगली बार मुझे मत बुलाना." जाताना मी त्याच्या हातात बोंबलाची जुडी ठेवली, ती मात्र त्याने घेतली.

गोण्या उतरल्या आणि पाड्यातली यच्चयावत कुत्री हजर. त्यांच्यामागे कावळे, कावळ्यांमागे कोंबड्या. मी कुटा मातीत कालवतेय आणि कुत्री उकरतायत. हुसकावून हुसकावून माझा घसा बसला. सासू ओट्यावरून म्हणायची, "वाढ त्यांना, पंगत बसलीय!" दोन दिवस हेच चाललं. मग बोटीवर परत गेलेला नवरा मुरब्याहून फाटकं जाळं घेऊन आला. बोटीवरचं टाकून दिलेलं, हिरवं, नायलॉनचं. राबाभोवती बांबू ठोकले, जाळं बांधलं, जिथे भोक तिथे सुईने विणून काढलं. जाळं विणण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही, हे मला मान्यच करावं लागलं. डोंगरातल्या शेताला कोळ्याचं जाळं! बघायला लोक यायचे. शेजारणीचा कोंबडा त्यात अडकला आणि ती भांडायला आली, तेव्हा नवरा म्हणाला, "मावशी, आमच्या जाळ्यात आलेलं म्हावरं आमचं." ती इतकी हसली की भांडणच विसरली.

बोटी वर आल्या, मुरब्याची कामं आटोपली, आम्ही सगळे घरी. वळवाच्या सरी येऊन गेल्या, कुट्याचा वास हळूहळू मातीत विरला. माती मऊ, काळी झाली. एका सकाळी सासूने आढ्याची टोपली उतरवायला लावली, शेणाचं लिंपण फोडलं आणि टोपली माझ्या कमरेला टेकवली.

ती सकाळ मी मरेपर्यंत विसरणार नाही! अनवाणी, ओल्या मातीत, कमरेवर टोपली. सासू हात पदरात बांधून बांधावर उभी, नवरा तिच्यामागे. कणसरीचं नाव घेतलं, मूठ भरली, फेकली. आणि हात फिरवायचाच राहिला, ती अख्खी मूठ एकाच जागी पडली, ढीग होऊन! बोलायचं तर कुणीच नाही. सासूचे डोळे एवढे मोठे झाले. नवरा ओठ चावून, तोंड वळवून हसतोय हे त्याच्या पाठीवरून कळत होतं. मी खाली बसले, बोटांनी दाणे पसरले, उठले, दुसरी मूठ भरली. तिसऱ्या-चौथ्या मुठीला हात सुटला. दाणे पडताना जो आवाज येतो ना, तो आईबरोबर लोकांच्या बांधावर मी कितीदा लांबून ऐकला असेल. आता तो माझ्या हातातून येत होता.

टोपली रिकामी झाली. मी ती बांधावर उपडी केली आणि जेवढा आवाज होता तेवढ्याने ओरडले, "माझ्या हाताला दुबार नाय!"

पाड्यातून कुणीतरी शिट्टी मारली. सासूने मात्र तोंड दुसरीकडे केलं. मला वाटलं, डोळ्यांत पाणी आलं असेल.

बी उगवलं. हिरव्या सुया जमिनीतून वर. आणि त्यांच्याबरोबर, राब कच्चा राहिलेला, म्हणून तणही तेवढंच! त्यातलं एक गवत तर भाताचंच सोंग घेऊन येतं. बुडाशी लालसर असेल तर गवत, नाहीतर भात, हे सासूने दाखवलं. मी रोज पाटावर बसून एकेक काडी उपटायची. पाऊस वाढला तेव्हा डोक्यावर घ्यायला मेणकापड हवं होतं, म्हणून माळ्यावर चढले. कोपऱ्यात, जुन्या घोंगडीखाली, एक लहान टोपली. वरून शेणाने लिंपलेली, आणि ते लिंपण नवंकोरं. नखाने थोडं उकरलं. आत लाल बी.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा टोपली होती तशी घोंगडीखाली सारली. तरणीताठी असल्यापासून दाणाही मागे न ठेवणाऱ्या बाईने यंदा, फक्त यंदा, आढ्याच्या टोपलीतलं थोडं बी मागे ठेवलं होतं. मी टाकणार म्हणून!

गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. खाली आले आणि चुलीपाशी तिच्यापुढे उभी राहिले. "आये, तुझ्या हाताला दुबार नाय, आणि माझ्या हाताला हाय काय?"

ती फुंकणीने जाळ फुंकत होती. थांबली. "होय," म्हणाली. "ठेवलंय."

आणि पुन्हा फुंकायला लागली. मी त्याच पावली राबात गेले आणि अशी तणावर तुटून पडले की काय सांगू. रागात काम भराभर होतं. नवरा मदतीला आला, त्याला काय झालं ते सांगितलं, तर तो हळूच म्हणाला, "राब मी जाळला म्हणून ठेवलं असेल गो, तुझ्यामुळं नाय." मी म्हटलं, "असेल. पण ओरडले ना मी सगळ्या पाड्यात!" रोज पहाटे उठून आधी राब बघायची, मग तोंड धुवायची. सासूशी बोलणं चालूच होतं, पण कामापुरतं. आणि मनात एकच: हे रोप उभं राहिलंच पाहिजे. त्या टोपलीला हात लागता कामा नये.

आणि रोप आलं! असं आलं की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. काळपट हिरवं, जाड बुडाचं, वाऱ्याने एकदम डुलणारं. शेजारीण बांधावर उभी राहून म्हणाली, "अगो बाय, काय घातलंस काय?" तिने दुसऱ्याच दिवशी विचारून ठेवलं, उरलं तर मना दे. मी नाखविणीला व्हिडिओ कॉल लावून राब दाखवला. ती किंचाळलीच. "बोंबलांनी भात केला गो!" सासू रोज बांधावर यायची, बघायची, परत जायची. मी पण हट्टी. कसं आलंय ते विचारलं नाही.

लावणीचा दिवस उजाडला. मी आणि नवरा सकाळीच राबात उतरलो. रोप उपटायचं, पायावर आपटून माती झाडायची, जुड्या बांधायच्या. पाऊस रिमझिम. सासू आली नाही. मला वाटलं, खांदा दुखत असेल. मग घराकडून आवाज यायला लागला. उखळाचा. ठक, मग बराच वेळ काही नाही, मग परत ठक. "आये डाव्या हातानं कांडते काय?" नवरा म्हणाला. कांडायला घरात होतं काय? घरचं भात तर कधीच संपलेलं. त्या दिवसांत आम्ही रेशनचा पांढरा तांदूळ खात होतो.

दुपारी ती बांधावरून येताना दिसली. डाव्या हातात पातेलं, आणि पावसासाठी डोक्यावर टोपली उपडी घातलेली. जवळ आली तेव्हा टोपलीच्या कडेला वाळलेलं शेण दिसलं. माळ्यावरची टोपली.

ती बांधावर बसली, पातेल्यावरचं झाकण काढलं. लाल भात, वाफाळता, वर भाजलेली सुकट.

माझ्या हातातली जुडी चिखलात पडली. "आये, हे दुबारचं बी?"

"दुबार कशाला पायजे आता," ती म्हणाली. "हात धू आणि खा. गार होतंय."

मी हाताचा चिखल झटकत राहिले. नवरा म्हणाला, "अरे बापरे, हिचं तोंड बंद झालं! आये, काय घातलंस भातात?" मी त्याला चिखलाचा गोळा फेकून मारला, तो नेमका त्याच्या कानाला लागला, आणि सासू टोपली डोक्यावर तशीच ठेवून मोठ्याने हसली. भात जाड आणि गोड होता. मी रडत रडत दोनदा मागून खाल्ला.